पुढच्या जागेवरचा दा बास्सू

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर जवळजवळ काहीच नाही. मागे कोरं आभाळ, खाली सपाट, भेगाळलेली, पांढुरकी जमीन. कधीकाळी इथं तळं होतं म्हणतात. आता चिमणीच्या चोचीपुरतंही पाणी नाही. नुकतंच उजाडलेलं. डाव्या विंगेतून धुळीचा एक लोट येतो. लोटातून खोकत, कण्हत एक म्हातारी लँडरोव्हर बाहेर पडते आणि बरोबर मधोमध येऊन थांबते. पुढचं दार उघडतं. आधी बाहेर येते एक काठी, टोकाला चुंबक बांधलेली. मग टायरच्या चपलेतला एक पाय. मग बराच वेळ काहीच नाही. आपण माना उंचावतो. आणि मग आतून आवाज येतो:

"इख्लेफ, गाढवा, गाडीचं तोंड उन्हाकडे केलंस! आता मी जमीन बघू का तुझ्या काचेवरची धूळ?"

हा दा बास्सू. मी जन्मभर फिरत्या नाटक मंडळीत होतो. फेज, मेकनेस, पार अगादीरच्या किनाऱ्यापर्यंत आमचा तंबू जायचा. मी सुलतान केले, काजी केले, मंडळीत बाई मिळाली नाही तेव्हा नवऱ्यासुद्धा केल्या. पण असा प्रवेश मला कधी साधला नाही. आवाज आधी, माणूस मागून. प्रेक्षागृह तिथंच खिशात.

गुडघे गेले तेव्हा मी रिस्सानीच्या पलीकडे, आमच्या जुन्या गावात परत आलो. दा बास्सू माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. तंबूत जन्मलेला, शेळ्या-उंटांमागे वाढलेला, आणि मोठा दुष्काळ पडल्यावर बापाबरोबर मातीच्या घरात आलेला. उपजीविकेला थोडी खजुराची झाडं, थोड्या शेळ्या. पण त्याचं खरं आयुष्य होतं ते आभाळाच्या दगडांत.

आमच्या भागात उल्का शोधायला सगळेच जातात. गुराखी जातात, शाळामास्तर जातात, लग्न ठरलेली पोरं नवरीला द्यायचा मेहेर जमवायला जातात. सापडलेला दगड अर्फूदच्या व्यापाऱ्याकडे जातो, तिथून विमानात बसतो आणि कुठल्याशा थंड देशातल्या काचेच्या कपाटात जाऊन राहतो. दा बास्सूच्या टोळीचेही बरेचसे दगड त्याच वाटेनं गेले. गाडी काही प्रार्थनेवर चालत नाही. पण प्रत्येक ठिकाणचा एक दगड तो स्वतःजवळ ठेवी, आणि तो कुणी सोन्यानं मढवतो म्हणाला तरी देत नसे. त्याची बायको गेल्यावर तिच्या मागाची लाकडी चौकट रिकामी उभी होती. तिलाच फळ्या ठोकून त्यानं मांडणी केली होती. त्या फळ्यांवर त्याचे दगड. प्रत्येकाला नाव. एक "लिंबू", एक "काजीची टोपी", एक अगदी बोटाच्या पेराएवढा, त्याचं नाव "भाचा", कारण तो मोठ्याच्या शेजारी सापडला आणि नेहमी भुकेला दिसतो.

पाहुणा आला की चहाच्या आधी दगड. दा बास्सू एकेक उचलून हातात द्यायचा आणि गोष्ट सांगायचा: कुठला वारा होता, कोण आधी ओरडला, कुणाचा उंट बुजला. मी मागे बसून ऐकायचो. तीच गोष्ट, पण शब्द कधी तेच नसत. आमच्या मंडळीत असा एक जरी नट असता तर आम्ही तंबू कधी गुंडाळलाच नसता.

"विकलेला दगड महिनाभर पोट भरतो," तो म्हणायचा, "ठेवलेला दगड पाहुण्यांचे कान भरतो. पोटाला पुन्हा भूक लागते."

टोळीत चौघे. दा बास्सू म्होरक्या. त्याचा जावई अद्दी, शांत, नजरेचा पक्का. अद्दीचा चुलतभाऊ इख्लेफ, गाडी चालवायला आणि शिव्या खायला. आणि मी, सी अल्लाल, चहा करायला, कारण चहा ओतताना हात उंच न्यावा लागतो आणि ते काम नटालाच शोभतं.

म्होरक्या ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. ही जागा साधी नाही. कुठं वळायचं, कुठं थांबायचं, कुठली जमीन चालून बघायची, हे तो ठरवतो. मग सगळे रांग धरून चालतात. ज्याला दगड दिसेल त्यानं हात लावायचा नाही. डोक्यावरचा फेटा काढून त्याच्यावर टाकायचा आणि शेजारी बसून राहायचं. म्होरक्या येतो, अल्लाचं नाव घेतो, फेटा उचलतो आणि सांगतो: आभाळाचा की जमिनीचा. त्याचा शब्द शेवटचा.

दा बास्सूचा शब्द सहसा चुकत नसे. त्याची पद्धत तो सगळ्यांना मोकळेपणानं सांगायचा, अगदी दुसऱ्या टोळीच्या लोकांनासुद्धा.

"पांढऱ्या जमिनीवर काळा दगड म्हणजे पाहुणा. त्याला विचारायचं, बाबा रे, कुठून आलास? डोंगराला विचारा, तुझा का? डोंगर लांब, तो म्हणतो नाही. ओढ्याला विचारा, तू वाहून आणलास का? ओढाच नाही. मग राहिलं कोण? आभाळ!"

आणि तो बोट वर करायचा. आम्ही सगळे वर बघायचो. दर वेळी.

तर असा हा माणूस गेल्या हिवाळ्यात एका कपारीवरून घसरला आणि कमरेवर आपटला. हाड मोडलं नाही, पण चाल बदलली. वर दोन मोसम टोळीला काही मिळालं नव्हतं. त्याची मुलगी हेन्नू, म्हणजे अद्दीची बायको, कमरेवर हात ठेवून अंगणात उभी राहिली.

"बाबा, आता पुरे. अद्दीला पुढे बसू द्या. तुम्ही घरी बसा, शेळ्या बघा."

"शेळ्या मला बघून कंटाळल्या आहेत."

"तुमच्या कमरेपेक्षा ती गाडी धडधाकट आहे."

"गाडीला नवे टायर घातलेत. मला कुणी घातलेत?"

"हसण्यावारी नेऊ नका. मागच्या वेळी अद्दीनं तुम्हाला पाठीवर घेऊन गाडीत टाकलं. मला सगळं कळतं."

दा बास्सूनं अद्दीकडे बघितलं. अद्दीनं आपल्या चपलेकडे.

मग दा बास्सूनं जे केलं ते तोच करू जाणे. पुढच्या बाजाराच्या दिवशी रिस्सानीत, मेदफूना भाजणाऱ्या भट्टीसमोर गर्दी उभी असताना, तो एका पेटीवर चढला. भरलेल्या रोटीचा वास सुटलेला, लोक भुकेले, म्हणजे हलणार कुणी नाही. प्रेक्षक कसे निवडायचे ते याच्याकडून शिकावं.

"ऐका रे! ही फेरी रिकामी आली, तर पुढची जागा अद्दीची. कायमची. आणि माझ्या फळीवर नवा दगड आला, तर ज्यानं ज्यानं माझ्या कमरेचं नाव काढलं त्यानं माझ्या शेळ्या चारायच्या!"

लोक हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. मला मात्र हसू आलं नाही. मी मंडळीत पाहिलंय. सुलतानाची भूमिका करणारा नट म्हातारा झाला की मालक त्याला दरबारात भालदार म्हणून उभं राहायला सांगतो. तो मानानं नाही म्हणतो, घरी जाऊन बसतो, आणि पुढच्या मोसमात आपण त्याच्या मयतीला जातो. गावात सगळ्यांना ठाऊक होतं: पुढची जागा गेली की दा बास्सू मागे बसायचा नाही. तो घरीच बसेल. हेन्नूला तेच हवं होतं. मला तेच नको होतं.

पूर्वेचा वारा वाहून थांबल्यावर आम्ही निघालो. तो वारा जुनी वाळू उचलून नेतो आणि खालची जमीन उघडी करतो, म्हणून त्याच्यामागून जायचं. गेलो ते या पांढऱ्या तळ्यात, जिथं मी पडदा वर नेला.

पहिले काही दिवस कोरडे गेले. चुंबकाला सापडल्या त्या फक्त सार्डिनच्या डब्या. कुठंही जा, आधी सार्डिन हजर. इख्लेफ म्हणाला, "दा बास्सू, व्यापाऱ्याला सांगू, हे आभाळातले मासे."

"तू आभाळातलं गाढव, तुला कोण घेतंय?"

तो बोलत होता, ओरडत होता, वाळूत भाजलेली भाकरी झटकून आम्हाला वाटत होता; पण गाडीतून उतरताना दरवाजाची कड घट्ट धरत होता. परतायच्या दिवशी सकाळी आम्ही सामान भरलं. अद्दी मागे चढला. गाडी तळ्याच्या कडेकडेनं निघाली आणि दा बास्सू ओरडला:

"थांब!"

तो खाली उतरला आणि कमर विसरून तळ्यात चालत सुटला. लांबून मला एवढंच दिसलं की त्यानं फेटा काढला आणि जमिनीवर टाकला. मग त्याच्या शेजारी तो बसला, सुलतान बसतो तसा.

आम्ही धावलो. त्यानं अल्लाचं नाव घेतलं, फेटा उचलला. खाली काळा दगड. उशीएवढा नाही, पण मांजराएवढा नक्की. अर्धा वाळूत गाडलेला. वरचा भाग काळाकुट्ट, जळून पापुद्रा धरल्यासारखा. आणि एका बाजूला अंगठ्यानं दाबावी तशी खोलगट खूण. आभाळाच्या दगडावर अशा खुणा असतात. वितळताना वारा त्याला चेपतो.

"बघा! अंगठा! आभाळाचा अंगठा!"

अद्दीनं चुंबकाची काठी लावली. चुंबक चिकटला, पण नाखुशीनं, पोरगी पाहायला नेलेल्या मुलासारखा.

"दा बास्सू, फार धरत नाही."

"लाजतोय. नवीन आहे."

अद्दीनं आजूबाजूची वाळू हातानं सारली. हातभर अंतरावर आणखी एक. तसाच काळा. मग तिसरा.

"तीन! पडायच्या आधी फुटला तो! एकाचे तीन झाले!"

"पण हे तीन कसे... तिकोणात बसलेत," अद्दी म्हणाला.

"का? आभाळाला तिकोण माहीत नाही?"

"कानस मारून बघू या का? एक छोटी खिडकी पाडू."

खिडकी म्हणजे कोपरा घासून आत बघणं. आभाळाच्या दगडाच्या पोटात लोखंडाच्या कणांची चमक असते. घासला की लगेच कळतं. सगळे तसंच करतात. दा बास्सू कधीच करत नसे. अख्ख्या सालीचा दगड म्हणजे अख्खा दगड, असं त्याचं मत होतं, आणि फळीवरच्या एकाही दगडाला ओरखडा नव्हता.

"माझ्या दगडाला कानस? आधी माझ्या नाकाला लाव! अद्दी, चारी बाजूंना बघ. डोंगर जवळ आहे? ओढा आहे? एक खडा तरी आहे का या तळ्यात?"

अद्दीनं बघितलं. खरंच नव्हता. लांब क्षितिजावर एका डोंगराचं टोक, तिथपर्यंत सगळं पांढरं.

"मग राहिलं कोण?"

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं.

गावात आम्ही वरात काढल्यासारखे शिरलो. इख्लेफनं हॉर्नवरचा हात उचलला नाही. दुपारच्या नमाजानंतर दा बास्सूच्या अंगणात अर्धा गाव जमला. चटई, चहाचं तबक, मधोमध तीन दगड धुतलेल्या कांबळ्यावर. मी चहासाठी साखरेचा घट्ट सुळका फोडत होतो. दा बास्सू गोष्ट सांगत होता आणि एवढ्यातच ती गोष्ट चार पावलं पुढं गेली होती. आता त्याला आदल्या रात्री स्वप्नही पडलं होतं. हेन्नू दारात उभी होती. हरलेली, पण बापाकडे बघून तिच्या चेहऱ्यावर हसू यायचं ते येतच होतं.

"शेळ्या कोण नेणार उद्या?" दा बास्सू विचारत होता. "हेन्नू, तुझा नंबर पहिला!"

इतक्यात आतून काठी टेकत लल्ला तुदा आली. दा बास्सूची थोरली बहीण. तिच्या डोळ्यांवर दोन्हीकडे दूध साचलेलं; माणूस ती आवाजानं ओळखे आणि शेळी वासानं. लोकांनी वाट दिली. ती कांबळ्याजवळ बसली.

"एवढा गोंधळ कशाचा? मलाही देऊन बघा."

"हळू हं लल्ला, आभाळाचा आहे," दा बास्सू म्हणाला आणि अंगठ्याची खूण असलेला दगड स्वतः तिच्या मांडीवर ठेवला.

लल्ला तुदाचा हात दगडावरून फिरला. वर गेला, कडेनं खाली आला, खोलगट खुणेत बोट शिरलं. आणि तिथंच थांबलं. तिनं दुसरा हात पुढं केला. दुसरा दगड. मग तिसरा.

"हे कुठं मिळाले?"

"पांढऱ्या तळ्यात, लल्ला."

"तळ्याच्या कुठल्या अंगाला? दोन शिंगांचा डोंगर जिथून एकाच शिंगाचा दिसतो, तिथं?"

अद्दी हळूच म्हणाला, "हो लल्ला. तिथंच."

"मग ही आईची चूल आहे."

चहा ओतत होतो तो माझा हात हवेतच राहिला. कुणीतरी फिदकन हसलं आणि थांबलं.

"काहीतरीच काय, लल्ला," दा बास्सू म्हणाला. "तळ्यात दगडच नाहीत. एकही नाही. म्हणून तर—"

"नाहीत म्हणून तर आईनं आणले! त्या वर्षी पाऊस झाला, तळ्याकाठी गवत आलं, सगळे तंबू तिकडं निघाले. आई म्हणाली, तिथं चुलीला दगड मिळायचा नाही. काळ्या डोंगरातून तिनं हे तीन उंटावर घातले. बाबा ओरडले, उंट दगड वाहायला आहे का? आई म्हणाली, मग तुम्ही कच्चं पीठ खा." लल्ला तुदानं खुणेत बोट फिरवलं. "आणि हे मी केलंय. भांडं डुगडुगायचं. मी बसून घासून घासून त्याच्या पोटाला खळगा केला. आई म्हणाली, शाबास तुदा."

आमच्या लोकांत तंबू उठतो तेव्हा सगळं उंटावर चढतं, चूल चढत नाही. तीन दगड तिथंच राहतात. पुढच्या वर्षी तीच बाई त्याच दगडांवर भांडं ठेवते. आणि कधी ती आलीच नाही तरी दुसरं कुणी ते उचलत नाही. दुसऱ्याची चूल हलवणं म्हणजे त्याला परत येऊ नको म्हणणं.

"डोंगराला विचारलंस, ओढ्याला विचारलंस," लल्ला तुदा म्हणाली, "बाईला विचारलंस का रे?"

दा बास्सू उठला आणि भिंतीपलीकडे खजुराच्या सावलीत जाऊन उभा राहिला. मी मागोमाग गेलो. अद्दीही आला. आतून लोकांची कुजबुज ऐकू येत होती.

"दा बास्सू," अद्दी खालच्या आवाजात म्हणाला, "लल्लाला दिसत नाही. म्हातारं माणूस, आठवणी एकमेकींत मिसळतात. मी काही बोलणार नाही. इख्लेफलाही सांगतो. दगड फळीवर ठेवा आणि विषय मिटवा."

"तुला पुढची जागा नको?"

"हवी की! खोटं कशाला बोलू? लग्न झाल्या दिवसापासून हवी आहे."

"मग?"

"मग तुम्ही घरी बसाल. तुमच्याशिवाय ती गाडी म्हणजे नुसतं पेट्रोल जाळणं आहे. इख्लेफ गातो, तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही नसलात की तो गातो."

दा बास्सू हसला नाही. त्यानं जावयाकडे बघितलं. मला वाटलं, हा आता हो म्हणेल. लल्ला तुदाच्या बोटापलीकडे दुसरा पुरावा नव्हता. आणि फळीवर ठेवलेल्या दगडाला दा बास्सूनं एक गोष्ट दिली असती, की तो खरा झालाच असता. मी स्वतः ती आयुष्यभर मान डोलवून ऐकली असती.

"कानस आण," तो म्हणाला.

"दा बास्सू..."

"आण म्हणतो ना."

तो अंगणात परत गेला, मांडी घालून बसला. लल्ला तुदाच्या मांडीवरचा दगड त्यानं स्वतःकडे घेतला, काळ्या कोपऱ्यावर कानस ठेवली आणि घासू लागला. ज्या माणसानं उभ्या जन्मात एका दगडाची साल दुखवली नाही, तो घासतोय. भुकटी कांबळ्यावर पडत होती. मग त्यानं थुंकीनं कोपरा ओला केला, फेट्यानं पुसला आणि दगड उन्हाकडे धरला.

आत राखाडी. सरसकट राखाडी. एक कण चमकला नाही.

त्यानं दगड शेजाऱ्याच्या हातात दिला. "बघ. आणि पुढं दे. सगळ्यांनी बघा. लांब बसलेल्यांनो, जवळ या, नंतर म्हणू नका की दिसलं नाही." दगड हातोहात फिरला. आणि मग दा बास्सू उभा राहिला. पेटीची गरज नव्हती.

"ऐका रे! या साऱ्या मुलखात माझ्याएवढी मोठी चूक आजवर कुणी केलेली नाही. दुसरे लोक चुकले तर सार्डिनची डबी उचलून आणतात. मी अख्खं घर उचलून आणलं!"

अंगणात जे हसू फुटलं ते मी कुठल्याही तंबूत ऐकलं नव्हतं. हेन्नू हसत होती आणि डोळे पुसत होती. लल्ला तुदा तर चटईवर आडवी झाली.

"फेरी रिकामी आली," दा बास्सू हात वर करून म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द. अद्दी, जागा तुझी. आणि सी अल्लाल, चहा गार होतोय. पुतळा झालास का?"

दगड परत नेऊन ठेवणं भागच होतं. लल्ला तुदा म्हणाली, "मी येणार. तुम्ही पुरुष माणसं, उलटे मांडाल." तेव्हा पुढच्या जागेवर ती बसली, आणि वाटभर इख्लेफला रस्ता सांगत गेली. डोळ्यांनी दिसत नसताना. एकदाच चुकली, तेही इख्लेफ तिचं न ऐकता वळला म्हणून.

तळ्यात पोचल्यावर तिनं डोंगर कुठे दिसतोय ते आम्हाला विचारलं, दोन शिंगांचं एक होईपर्यंत आम्हाला सरकवलं, मग गुडघ्यांवर बसून वाळू चाचपली. राखेचा थर तिला लगेच लागला. तीन दगड तिनं बसवले, हलवून बघितले, पुन्हा बसवले. घासलेल्या कोपऱ्यावर बोट अडखळलं.

"हे काय?"

"खिडकी पाडली," दा बास्सू म्हणाला.

"आईच्या चुलीला खिडकी! वेडा तो वेडाच."

काटक्या आम्ही बरोबर आणल्या होत्या. त्या चुलीवर मी चहा केला. मी पुष्कळ ठिकाणी चहा केलाय, एकदा पाशाच्या अंगणातसुद्धा. भांडं खळग्यात असं बसलं की हललं नाही. लल्ला तुदानं पहिला पेला जमिनीला दिला, दुसरा भावाला.

"तू इथं झालास," ती म्हणाली. "त्याच वर्षी. हा इथं तंबू, ही इथं आई. या जमिनीवर आभाळातून काही पडलं असेल तर ते तूच. बाबा म्हणायचेच, हे पोरगं पडलं कुठून?"

दा बास्सूनं पेला दोन्ही हातांत धरला होता. त्यानं चारी बाजूंना बघितलं. मग चहा संपवला आणि म्हणाला, "जागा चांगली निवडली आईनं. इथून सगळं दिसतं."

परतल्यावर तो घरीच राहिला. शेळ्या बाहेर न्यायचा, परत आणायचा. पाहुणे आले की फळीवरचे दगड दाखवायचा, वर चुलीची गोष्टही सांगायचा. तिच्यात आता उंटानंही दोन वाक्यं बोलायला सुरुवात केली होती. पण लँडरोव्हरच्या आवाजाला तो मान वळवत नसे. मी ओळखून होतो. हेन्नूही ओळखू लागली होती. एकदा माझ्याकडे पीठ मागायला आली आणि पीठ न घेताच उभी राहिली. "सी अल्लाल, मी चुकले का हो?" मी म्हटलं, पोरी, तू बापाची कमर वाचवलीस. बाकीचं त्याच्या हातात आहे.

आणि मग बातमी आली. पश्चिमेकडे, ताझारीनच्या अंगाला, भर दुपारी आभाळात आगीची रेघ दिसली, मागून मोठा गडगडाट झाला. गुराख्यांनी फोन केले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा मुलूख गाड्या काढत होता. आमचीही गाडी दारात उभी राहिली. पाण्याचे कॅन, चटया, चहाचं सामान, हेन्नूनं बांधलेल्या भाकऱ्या. इख्लेफ चाकावर. मी मागे, कॅनच्या मध्ये. गल्लीतले लोक उगाचच उभे. म्हणायला गाडी बघत होते, बघत होते दा बास्सूचं दार.

अद्दीनं पुढचं दार उघडलं आणि तो बसला नाही. उघडं धरून उभा राहिला.

दार वाजलं. दा बास्सू बाहेर आला. काठी हातात, फेटा नवा बांधलेला. त्यानं उघड्या दाराकडे बघितलं, अद्दीकडे बघितलं.

"बसा, दा बास्सू," अद्दी म्हणाला. "त्या दिवशीचं त्या दिवशी गेलं."

हेन्नूनं मान हलवली. बापाला दिसेल अशी, हो म्हणून.

दा बास्सू चालत आला, अद्दीच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली दाबून पुढच्या जागेवर बसवलं. दार लावलं, नीट लागलं का ते ओढून बघितलं. मग गाडीला वळसा घालून मागे आला, काठी माझ्या मांडीवर टाकली, पाण्याचा कॅन ढकलला आणि कण्हत, एक पाय मग दुसरा, वर चढला.

"सरक, नाटक्या. अद्दी, ऐक, आता रस्ता तू बघ, वाळू तू बघ, पेट्रोल तू बघ. मी इतकी वर्षं तेच बघत बसलो आणि दगड राहून गेले. आता मला फक्त जमीन बघायची आहे. आणि मी 'थांब' म्हटलं की थांबायचं, पुढे कुणी का बसलेलं असेना!"